व्हीनसची दोन देवळे आणि आपली जखीण

एक फोटो सध्या आपल्या अनेक ग्रुपवर फिरतो आहे. हस्तिदंतात कोरलेली एक नग्न स्त्री, अंगावर भरपूर दागिने, दोन्ही बाजूंना दोन लहान दासी. खाली मजकूर असा, की ही मूर्ती इटलीत सापडली, ती मूळची महाराष्ट्रातली आहे, रोमन लोक जिला व्हीनस म्हणत ती आपली बौद्ध यक्षिणीच, आणि म्हणून प्रेमाची देवी हा आपला वारसा आहे. कराडच्या काही तरुणांनी त्यात भर घातली आहे, की आगाशिवच्या पायथ्याची जखिणवाडी म्हणजे त्याच देवीचे गाव. तेव्हा आता देवी 'परत घेण्याची' मोहीम सुरू करावी, असे त्यांचे म्हणणे.

मित्रांनो, या मजकुरातला अर्धा भाग खरा आहे आणि त्याचा आम्हालाही अभिमान वाटतो. उरलेला अर्धा मात्र आपल्याच विचाराच्या विरोधात जाणारा आहे. म्हणून हा लेख.

आधी खरे काय ते पाहू. ही मूर्ती १९३८ साली पॉम्पेई या शहराच्या उत्खननात अमेदेओ मायुरी यांना मिळाली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि सगळे शहर राखेखाली गाडले गेले. म्हणजे मूर्ती त्याआधीची, आपल्याकडच्या सातवाहन काळातली. उंची जेमतेम एक वीत. आज ती नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे. अगदी तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या, म्हणून पॉम्पेईची मूर्ती मराठवाड्यातल्या कारागिराची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. मूर्तीवर खरोष्ठीतले एक अक्षर कोरलेले असल्याने काही जण तिचे मूळ वायव्य भारतात शोधतात. वाद संपलेला नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मूर्ती सापडल्याबरोबर तिचे बारसे 'लक्ष्मी' असे झाले आणि कित्येक पुस्तकांत आजही ती 'पॉम्पेईची लक्ष्मी' आहे. तिच्या हातात कमळ नाही, दोन बाजूंना हत्ती नाहीत, लक्ष्मीची म्हणून ओळखता येईल अशी एकही खूण नाही. तरी नाव लक्ष्मी! आता बहुतेक तज्ज्ञ तिला यक्षी म्हणतात. वैष्णव नाव आधी चिकटवायचे आणि पुरावा नंतर शोधायचा, ही खोड केवळ गल्लीतल्या देवळापुरती नसते.

यक्षी म्हटले की कराडचा संबंध खरोखरच येतो. मध्य प्रदेशातल्या भारहूत स्तूपाचे कठडे आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातले हे काम. त्या कठड्यांवर झाडाची फांदी धरून उभ्या असलेल्या यक्षी आहेत आणि त्यांची नावे शेजारीच ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. चंदा यक्षी, सुदर्शना यक्षी, चुलकोका देवता, सिरिमा देवता. त्याच स्तूपावर दान देणाऱ्यांची नावेही आहेत आणि त्यात 'करहकट' हे गाव येते. एका लेखात तर कोणा एका माणसाचे नाव नाही, करहकटच्या निगमाने, म्हणजे बाजारपेठेच्या गावाने मिळून दिलेले दान आहे. हे करहकट म्हणजे आपले कराड. तिकडे कोकणात कुडा लेण्यातही करहाकडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान नोंदलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे व्यापारी सातपुड्याच्या पलीकडच्या स्तूपाला पैसे पाठवत होते आणि त्या पैशातून उभ्या राहिलेल्या कठड्यांवर यक्षी हसत होत्या.

या यक्षींची कोणी पूजा करत होते का? लोक करत होतेच. यक्ष-यक्षी हे खेड्यापाड्यांतले, झाडाखालचे, तळ्याकाठचे रक्षक. भिक्खू संघाने त्यांना हाकलले नाही, कठड्यावर उभे केले. मात्र नीट पाहा, कुठे उभे केले. आत स्तूप, बाहेर यक्षी. मध्ये कोणी नाही. यक्षीच्या नावाने मुलगी वाहिली, तिला स्तूपाच्या सेवेला ठेवले, असा एकही लेख भारहूतला नाही. आगाशिवच्या साठाहून अधिक लेण्यांत तर मूर्तिकाम नावालाच आहे. साध्या खोल्या, ओटे, चैत्य. (डोंगराचे 'आगाशिव' हे नाव वरच्या शंकराच्या देवळावरून पडले आहे. लेणी त्याच्या कितीतरी आधीची. असो.)

याच डोंगराच्या पायथ्याला जखिणवाडी. जखीण हा शब्द यक्षिणीवरून आला, यात भाषेच्या अभ्यासकांना शंका नाही. गावाच्या नावातली जखीण ही तीच, असे आम्ही मानतो. पण आज आपल्या आयाबहिणींच्या बोलण्यात जखीण म्हणजे काय? हडळ, जखीण, डाकीण. अतृप्त मेलेली बाई. पोराला भीती घालायची तर जखिणीचे नाव. जी फांदी धरून हसत उभी होती ती विहिरीत पाय सोडून बसली. हा बदल आपोआप झालेला नाही. धम्माची लेणी ओस पडली तेव्हा त्यांच्या पायथ्याच्या देवतांचीही गावकुसाबाहेर रवानगी झाली.

इथपर्यंत आमचे आणि त्या फोटो पाठवणाऱ्या तरुणांचे एकमत आहे. मतभेद पुढच्या वाक्यावर आहे, 'व्हीनस म्हणजे आपली यक्षी.'

नाही. व्हीनस आपली नाही आणि ती आपली नसण्यात आपले काही जात नाही. लॅटिन भाषेत 'वेनुस' या शब्दाचा जुना अर्थ आकर्षण, मोहिनी. संस्कृतातील 'वनस्' हा त्याच कुळातला शब्द, म्हणजे शब्दाचे नाते आहे, देवीचे नाही. रोमच्या सर्वांत जुन्या धर्मात ती फार मोठी नव्हती. परसबाग आणि भाजीमळा ही तिची जागा, आणि १९ ऑगस्टचा तिचा सण हा भाजीवाल्यांच्या सुट्टीचा दिवस. पुढे रोमन लोकांचा ग्रीकांशी संबंध वाढला तशी ग्रीकांची आफ्रोदिती या माळीणबाईच्या अंगात आली. आफ्रोदितीच्या मागे सायप्रस बेट आणि फिनिशियन लोकांची अस्तार्ते, तिच्या मागे मेसोपोटेमियाची इश्तार. देवी अशाच प्रवास करतात, बंदराबंदरातून. आकाशातला शुक्र हा तिचा ग्रह आणि आपण ज्याला शुक्रवार म्हणतो तो रोमन लोकांकडे 'व्हीनसचा वार'. आपल्याकडे मात्र तोच शुक्र असुरांचा गुरू. तिकडची प्रेमदेवता आणि इकडचा दैत्यगुरू एकाच चांदणीत राहतात, याची आम्हाला नेहमी गंमत वाटते.

आता खरा प्रश्न. समाजशास्त्राचा विद्यार्थी देवीचे नाव विचारत नाही. तो विचारतो, देऊळ कोणाच्या पैशाने उभे राहिले, आत कोणाला प्रवेश होता आणि झाडलोट कोण करत होते? व्हीनसला हे तीन प्रश्न विचारले की प्रेमाचा सगळा मुलामा उतरतो.

रोममधले व्हीनसचे सर्वांत जुने ज्ञात देऊळ इसवी सनापूर्वी २९५ मध्ये बांधायला घेतले गेले. पैसे कुठून आले? व्यभिचाराच्या आरोपाखाली दोषी ठरलेल्या बायकांना दंड केला होता, त्या दंडातून. ही नोंद लिव्ही या रोमन इतिहासकाराची आहे. त्या देवीचे विशेषण 'ओब्सेक्वेन्स', म्हणजे आज्ञेत राहणारी, अनुकूल. पुरुषांकडून एक नाणे दंड घेतल्याचा उल्लेख नाही. बायकांनी प्रेम केले म्हणून बायकांना दंड आणि त्या दंडातून प्रेमाच्या देवीला आज्ञाधारक घर!

पुढचे देऊळ युद्धातून आले. इ.स.पूर्व २१७ मध्ये हानिबालने त्रासिमेनो सरोवराकाठी रोमन सैन्याचा पुरता धुव्वा उडवला. घाबरलेल्या राज्यकर्त्यांनी भविष्याचे पवित्र ग्रंथ उघडले आणि कौल मिळाला, की सिसिली बेटावरच्या एरिक्स डोंगरातली व्हीनस रोममध्ये आणा. दोन वर्षांनी राजधानीच्या मुख्य टेकडीवर, कॅपिटोलवर तिचे देऊळ झाले. ही देवी उच्चकुलीन रोमची आई होती. ट्रॉयहून आलेला एनियस हा तिचा मुलगा आणि रोमन वंश त्याचा, अशी कथा होती. मग इ.स.पूर्व १८१ मध्ये त्याच एरिक्सच्या व्हीनसचे दुसरे देऊळ झाले. कुठे? कोलाइन वेशीच्या बाहेर. शहराच्या तटाबाहेर. २३ एप्रिलला या बाहेरच्या देवळात वेश्यांची जत्रा भरे, त्या उदबत्त्या, फुले वाहत आणि देवीकडे रूप आणि गिऱ्हाईक मागत. ओविड या कवीने त्याचे वर्णन केले आहे.

देवी एक, नाव एक, देवळे दोन. टेकडीवरचे कुलवंतांचे आणि वेशीबाहेरचे विकल्या गेलेल्यांचे. गावकूस ही काय चीज असते हे आपल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

एवढ्याने भागले नाही. इ.स.पूर्व ११४ मध्ये अग्नीची सेवा करणाऱ्या व्हेस्टल कुमारिकांवर शीलभंगाचे आरोप आले. अशा कुमारिकेला शिक्षा जिवंत पुरण्याची होती. त्या प्रकरणानंतर रोमने व्हीनसचे आणखी एक देऊळ बांधले, 'व्हर्टिकॉर्डिया', म्हणजे मने वळवणारी. कोणाची मने? बायकांची. कुठे वळवायची? वासनेकडून पातिव्रत्याकडे. प्रेमाच्या देवतेला संयमाची पोलीस-पाटलीण करून टाकले. मग आला सीझर. त्याच्या घराण्याने स्वतःला थेट व्हीनसचे वंशज म्हणवून घेतले आणि इ.स.पूर्व ४६ मध्ये त्याने 'व्हीनस जेनेट्रिक्स' म्हणजे कुलमातेचे देऊळ आपल्याच नव्या चौकात उभारले. त्याचा वारस ऑगस्टस याने इ.स.पूर्व १८ च्या कायद्याने व्यभिचार हा सरकारी गुन्हा केला. व्हीनसच्या पणतूने प्रेमावर फौजदारी लावली. त्या कायद्याच्या कक्षेतून वेश्या वगळल्या होत्या, कारण त्यांना इज्जत आहे असे कायदाच मानत नव्हता. आपल्याकडे ज्याला घराण्याची अब्रू म्हणतात ती फक्त वरच्या घरांना असते आणि तिची किंमत खालच्या घरातल्या बायका भरतात, हे गणित रोमन कायद्यात इतके उघड लिहिलेले होते.

रोमच्या मोठ्या गटारावरसुद्धा व्हीनसची एक देवळी होती. 'व्हीनस क्लोआसिना', गटाराची व्हीनस. त्या गटारात उतरणारे कोण असतील, हे आम्ही वेगळे सांगत नाही.

सिसिलीतल्या एरिक्सच्या मूळ देवळाकडे परत वळू, कारण या सगळ्यातला सर्वांत बोलका पुरावा तिथला आहे. स्त्राबो हा भूगोलकार लिहितो, की पूर्वी हे देऊळ देवीला वाहिलेल्या दासींनी भरलेले असे. सिसिलीतले लोक आणि परदेशीही नवस फेडायला माणसे वाहत. या दासी सगळ्या शरीरविक्रय करत होत्या, असे जुने पंडित बिनदिक्कत लिहून गेले. स्टेफनी बुडिन यांच्यासारख्या आजच्या संशोधक म्हणतात, की देवळातल्या पवित्र वेश्याव्यवसायाची ही कथा पुराव्यापेक्षा पुरुष लेखकांच्या चवीतून जास्त वाढली. आम्हाला हा इशारा मोलाचा वाटतो. पण दासी होत्या, आणि त्या देवीच्या मालकीच्या होत्या, हे कोणी नाकारत नाही.

त्यातल्या एकीचे नाव इतिहासात उरले आहे. आगोनिस. ती लिलिबेउम गावची, देवीच्या दास्यातून मुक्त झालेली आणि स्वतःच्या कर्तृत्वाने पैसा जोडलेली बाई. इ.स.पूर्व सत्तरच्या दशकात एका रोमन आरमारी अधिकाऱ्याने आरमाराच्या कामाला हवेत असे सांगून तिच्याकडचे वाजंत्री गुलाम उचलून न्यायला सुरुवात केली. (होय, तिच्याकडेही गुलाम होते. ज्या समाजात गुलामी हीच मालमत्ता असते तिथे सुटलेला माणूसही तीच मालमत्ता जोडतो.) देवीच्या नावाने तरी हा माणूस दबेल म्हणून ती बोलून गेली, 'मी आणि माझे सगळे व्हीनसचे आहे.' बस. हे वाक्य कॅसिलियस नावाच्या सरकारी खजिनदाराच्या कानावर गेले. त्याने चौकशी बसवली. प्रश्न एकच, ही बाई स्वतःला व्हीनसची म्हणाली की नाही? म्हणाली. झाले, निकाल लागला. तिला पुन्हा व्हीनसची गुलाम ठरवले, तिची मालमत्ता विकली आणि पैसा खिशात घातला. पुढे हे प्रकरण वर गेले आणि पैसे परत करावे लागले, ते न्यायबुद्धीने नव्हे तर वरचा अधिकारी त्याहून मोठा लुटारू होता म्हणून. सिसेरोने एका खटल्यात हे सगळे सांगितले आहे, तेही प्रतिस्पर्ध्याला उघडे पाडण्यासाठी. आगोनिसचे पुढे काय झाले याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते.

'मी देवीची आहे.' सांगली-मिरज भागात काम करताना हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकले असेल! गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचे दर्शन बांधलेल्या, डोक्यावर जग घेऊन दारोदार जोगवा मागणाऱ्या बाया ते कपाळावर भंडारा लावून सांगतात. कधी ढाल म्हणून सांगतात, आगोनिससारखे. गावगुंडाने हात धरला, की 'हात लावू नको, मी देवीची आहे.' आणि व्यवस्था नेमके तेच वाक्य त्यांच्याविरुद्ध वापरते. देवीची, म्हणजे कोणा एकाची नाही. कोणा एकाची नाही, म्हणजे गावाची. जी गावाची ती पाटलाची.

पॉम्पेई हे शहर तर अधिकृतपणेच व्हीनसचे. इ.स.पूर्व ८० मध्ये रोमन सेनापती सुल्लाने तिथे आपले सैनिक वसवले तेव्हा वसाहतीच्या नावातच व्हीनस घातली. त्या शहरातला दहा खोल्यांचा कुंटणखाना आज पर्यटक रांग लावून पाहतात. खोलीत दगडी ओटा, भिंतीवर चित्रे आणि कोरलेली नावे. शहरातल्या भिंतींवर दर लिहिलेले सापडतात, पुष्कळदा दोन आसे. साध्या दारूचा पेला एक आसला मिळत असे. म्हणजे देवीच्या शहरात बाईची किंमत दोन पेले दारू. या बायका बहुतेक गुलाम होत्या.

अशा शहरात आपल्याकडची हस्तिदंती यक्षी गेली. कोणाच्या तरी श्रीमंत घरात, आरशाची मूठ म्हणून किंवा एखाद्या फर्निचरचा पाय म्हणून. अभिमानाने फोटो पाठवणाऱ्यांनी त्या व्यापाराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेला 'पेरिप्लस' हा ग्रंथ भडोच बंदराची यादी देतो. पैठण आणि तगर, म्हणजे आपले तेर, इथून गाड्या भरून माल भडोचला जाई, असे त्यात आहे. येणाऱ्या मालात काय? राजासाठी चांदीची भांडी, उंची दारू, गाणारी मुले आणि जनानखान्यासाठी सुंदर मुली. मालाच्या यादीत, दारूच्या शेजारी. आपली यक्षी जहाजातून तिकडे गेली आणि तिकडच्या कोणाच्या तरी मुली जहाजातून इकडे आल्या. त्या मुलींची नावे कुठल्याही कठड्यावर नाहीत.

म्हणून आम्ही म्हणतो, देवी कोणाची हा प्रश्न दुय्यम आहे.

आपल्याकडची गोष्ट पाहा. रेणुकेने काय केले होते? नदीवर पाण्याला गेली असता गंधर्वांची जलक्रीडा पाहून तिचे मन क्षणभर विचलित झाले. क्षणभर! तेवढ्यासाठी नवऱ्याने हुकूम सोडला आणि मुलाने आईचे डोके उडवले. दक्षिणेतल्या लोककथेत पुढचा भाग आहे. पळणाऱ्या रेणुकेला एका अस्पृश्य बाईने, मातंगीने आश्रय दिला, परशुरामाने दोघींचीही मुंडकी उडवली आणि जिवंत करताना डोकी बदलली. डोके ब्राह्मणीचे, धड मातंगीचे. याहून उघड समाजशास्त्र कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. डोके पूजायला, धड राबायला. ज्या देवीला मनातल्या एका इच्छेसाठी मारले, तिच्याच नावाने महार-मांगांच्या मुली दुसऱ्यांच्या इच्छेसाठी सोडायच्या. सौंदत्तीला, जतला मार्गशीर्षात यल्लम्माची यात्रा भरते. रांडाव पुनवेला देवी विधवा होते म्हणून जोगतिणींच्या बांगड्या फोडतात आणि अहेव पुनवेला पुन्हा भरतात. ज्यांना नवरा कधी नव्हताच त्या दरवर्षी विधवा होतात.

कोणती मुलगी देवीला सोडायची हे ठरते कसे? केसात जट आली, अंगावर रोग उठला, घरात मुलगा नाही. शेवटचे कारण बारकाईने पाहा. मुलगा नसलेल्या घरात देवीला सोडलेली मुलगी मुलाच्या जागी धरली जाते, ती माहेरीच राहते आणि आईबापांना पोसते. म्हणजे गरीब दलित घरासाठी हा म्हातारपणाचा विमा आहे. श्रद्धेच्या खाली अर्थकारण आहे. नुसते 'अंधश्रद्धा, अंधश्रद्धा' ओरडून ते सुटत नाही.

याविरुद्ध पहिला आवाज कोणी उठवला? बाईनेच. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' सुरू केला आणि खंडोबाला मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध लिहायला घेतले. ते वाचून शिवूबाई नावाच्या एका मुरळीने त्यांना पत्र पाठवले, मला हे जिणे सोडायचे आहे, लग्न करून संसार करायचा आहे. पत्र छापले गेले आणि चळवळीतल्या गणपतराव गायकवाडांनी तिच्याशी लग्न केले. आमच्या मते हे पत्र महाराष्ट्राच्या स्त्रीमुक्तीच्या इतिहासात पहिल्या पानावर हवे. पाठ्यपुस्तकात ते कुठे आहे? राजर्षी शाहू महाराजांनी १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानात जोगतिणी-मुरळ्या सोडण्याला कायद्याने बंदी केली. मुंबई इलाख्याचा कायदा १९३४ चा, कर्नाटकाचा १९८२ चा आणि महाराष्ट्राचा नवा कायदा २००५ चा. कायद्यांच्या तारखांमधले अंतर मोजा, म्हणजे कायदा किती पाळला गेला हे कळेल.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांपुढे वाघ्ये, मुरळ्या, पोतराज, जोगतिणी आणि देवदासी जमल्या होत्या. येवल्याच्या घोषणेला वर्षही झाले नव्हते. धर्मांतराला पाठिंबा द्यायला ही मंडळी आली होती. बाबासाहेबांनी त्यांना टाळ्या मिळवणारे भाषण दिले नाही. नुसता धर्म बदलून काय होणार, हे जिणे आधी सोडा, कामाठीपुरा सोडा, लग्न करून संसार करा, असे ते म्हणाले. पोट कसे भरायचे ते मी सांगणार नाही, शेकडो मार्ग आहेत, पण हे सोडा, हा त्या भाषणाचा रोख होता.

हे भाषण कठोर होते. आजच्या काही स्त्रीवादी अभ्यासक विचारतात, की दोष बायकांच्या पदरात का टाकला? प्रश्न योग्य आहे. त्या हॉलमध्ये गिऱ्हाईक नव्हते, गावचे पाटील नव्हते, मुली देवीला लावणारे पुजारी नव्हते. पण एक फरक आम्हाला दिसतो. रोमपासून सौंदत्तीपर्यंत प्रत्येक सत्तेने या बायकांशी देवीमार्फत व्यवहार केला. बाबासाहेब त्यांच्याशी थेट बोलले, निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसांशी बोलावे तसे. मध्ये देवी ठेवली नाही. पुढे 'रिडल्स'मध्ये त्यांनी ब्राह्मणांनी जुने देव उतरवून देवींना गादीवर का बसवले, असे स्वतंत्र कोडेच मांडले. देवी मोठी झाली म्हणजे बाई मोठी होते, हा समज त्यांना कधीच पटला नव्हता.

सांगलीतच 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही या व्यवसायातल्या बायकांची स्वतःची संघटना 'संग्राम'च्या साथीने कित्येक वर्षे उभी आहे. त्या आम्हाला सुनावतात, की तुमचे 'सुधारणे' आणि पोलिसांचे 'सोडवणे' दोन्ही नको, हक्क बोला. आमचे त्यांच्याशी सगळेच पटत नाही. बाबासाहेबांचे दामोदर हॉलमधले म्हणणे आम्ही सोडलेले नाही. तरी त्या स्वतःच्या नावाने बोलतात, देवीच्या नावाने नाही, आणि एवढ्यासाठी त्यांच्याशी वाद घालायलाही आम्हाला आवडते. देवीच्या नावाने बोलणाऱ्यांशी वाद होऊच शकत नाही, फक्त कौल लागतो.

आता 'देवी परत घ्या' मोहिमेबद्दल. यल्लम्मा मूळची आमची, जखीण मूळची बौद्ध, व्हीनस मूळची यक्षी, हे सिद्ध करून काय मिळवणार? समजा सिद्ध झाले. उद्या जखिणवाडीत यक्षीची मूर्ती बसवली, वर्षाला जत्रा सुरू केली, पालखी काढली. तिच्यापुढे परडी घेऊन कोण उभे राहील? तुमची बहीण की वेशीबाहेरच्या त्याच वस्तीतली? बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्यांनी हा प्रश्न टाळू नये. तथागतांच्या काळातही वैशालीत आम्रपाली होतीच. नगरवधू, सगळ्या गणाची. लिच्छवी राजपुत्र सोन्याच्या भावाने भोजनाचा मान मागत असताना तथागतांनी तिचे आधी दिलेले आमंत्रण पाळले. तिला देवी केले नाही. ती पुढे भिक्खुणी झाली आणि तिच्या स्वतःच्या गाथा थेरीगाथेत आहेत. म्हातारपणी आपल्या शरीराकडे पाहून ती स्वतः बोलते. पॉम्पेईच्या दहा खोल्यांतल्या एकीलाही हे भाग्य मिळाले नाही.

लेणी पाहायला जरूर जा. आगाशिवला जाताना पाणी बरोबर ठेवा, चढण उभी आहे. तिथल्या एका लेण्यावर संघमित्र नावाच्या दात्याचा लेख आहे, तो शोधा. फोटो काढा, ब्राह्मी शिका. आणि मार्गशीर्ष लागायच्या आधी आमच्याबरोबर जत तालुक्यात चला. दोन वस्त्यांवर मुलींच्या केसांत जट आली आहे असे निरोप आलेत. एकीची आजी तयार आहे, दुसरीचा मामा नाही. तेल, कंगवा, कात्री आम्ही आणतो. मामाशी बोलायला मात्र माणसे कमी पडतात, कारण तो पहिल्याच वाक्याला विचारतो, 'पोरीला शाळेत घालतो, पण म्हातारीला कोण सांभाळणार?' त्यासाठी निराधार पेन्शनचे कोरे अर्ज, रेशनकार्डाची कागदपत्रे आणि मुक्कामी वसतिगृहाचा प्रवेश अर्ज बरोबर असावा लागतो. ज्यांना तहसील कचेरीची माहिती आहे त्यांनी आधी कळवावे.